इथून पुढे, पुढच्या रविवारी

आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे दोन प्रकार आहेत. पहिला माउलींच्या पालखीबरोबर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघायचं, ऊन, पाऊस, चिखल जे वाट्याला येईल ते घेत रोज चालायचं, आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आत चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहायचं. दुसरा प्रकार आमच्या क्लबाबरोबरचा. दिवाळीचा फराळ संपला की निघायचं, फक्त रविवारी चालायचं, आणि त्याच रात्री घरी येऊन कोमट पाण्यात पाय सोडून टीव्हीसमोर बसायचं. रस्ता तोच, अंतरही तेच, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. फरक इतकाच की आमच्या प्रकारात एका हिवाळ्यात पंढरपूर येत नाही. मध्ये नातवंडांच्या परीक्षा येतात, लग्नसराई येते, ऊन तापतं, आणि विठोबा इतकी युगं उभा आहे तर आणखी एक वर्ष राहील असं म्हणून सगळे आंबे खायला मोकळे होतात.

क्लब जन्मला टेकडीवर. रोज सकाळी त्याच टेकडीवर त्याच माणसांना तेच राजकारण समजावून सांगून कंटाळलेली मंडळी एके दिवशी म्हणाली, आता काहीतरी मोठं करू. आधी नर्मदा परिक्रमा निघाली. ती ‘घरी विचारून सांगतो’ या पहिल्याच मुक्कामाला अडली. मग पालखी मार्ग पुढे आला. घराजवळून जातो, वाट चुकायची भीती नाही, वाटेत चहा मिळतो, शिवाय पुण्य. ‘पण आषाढात नको हं, फार गर्दी असते,’ असं एक काकू म्हणाल्या आणि सगळ्यांना ते पटलं. वारीच्या वाटेनं वारी टाळून जाणारी बहुधा आमची एकमेव दिंडी असावी.

टप्प्याटप्प्यानं चालायचं ठरलं की एक नियम आपोआप अंगाला चिकटतो: मागच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं. तिथूनच म्हणजे तिथूनच. चार पावलं पुढून नाही, समोरच्या बाजूनं नाही. हा नियम कुणी केला ते सांगता येणार नाही, पण तो पाळण्यात जी माणसं एरवी देवापुढे दिवा लावायला कंटाळतात तीसुद्धा कडक सोवळ्यात वागतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका यात अग्रेसर. टप्पा संपला की ते जवळच्या विजेच्या खांबाला हात लावतात, खांबावर रंगवलेला नंबर डायरीत लिहितात, शेजारी तारीख टाकतात आणि सही करतात. पुढच्या वेळी डायरी उघडायची, नंबर जुळवायचा, खांबाला हात लावायचा, मग पहिलं पाऊल. मधल्या काळात खांबानं जागा बदललेली नाही याची खात्री पटेपर्यंत बाकीचे थंडीत पाय आपटत उभे.

एकदा मात्र खांबानं खरंच जागा बदलली होती. पालखी मार्गाचा आता राष्ट्रीय महामार्ग 965 झाला आहे, आणि रुंदीकरणात जुना रस्ता, कडेची झाडं, मैलाचे दगड, टपऱ्या, सगळंच हललं. फलटणच्या पुढे आम्ही एका वडाजवळच्या खांबाशी थांबलो होतो. दोन-तीन रविवार कुणाकुणाच्या घरच्या कार्यात गेले. परत येऊन बघतो तर वड नाही, खांब नाही, ज्या टपरीत काकांनी सही केली ती टपरीही नाही. सपाट मुरूम आणि त्यावर एक रोलर. ज्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या वारकरी टेकले ती झाडं तोडताना कुणाच्या डायरीत सही झाली असेल कोण जाणे. आमच्या काकांच्या डायरीत ती जागा तेवढी उरली आहे. पण त्या क्षणी कुणाला वडाचं वाईट वाटलं नाही. प्रश्न असा होता की आपण नेमके कुठे होतो? क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, त्या पाण्याच्या टाकीपाशी. आमच्यातले डॉक्टर म्हणाले, छे, टाकी तेव्हा डाव्या हाताला होती. शेवटी शंका नको म्हणून सगळे अर्धा-पाऊण किलोमीटर मागे गेले आणि तिथून चालत पुन्हा रोलरपाशी आले. रोलरवाला बिडी ओढत हे दोनदा बघून गेला होता. ‘काय हरवलंय का?’ त्यानं विचारलं. काका म्हणाले, ‘खांब.’

पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे फौज कशी हलवायची हे त्यांना ठाऊक होतं. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा नंबर आणि जागा ठरलेली. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारानं हातातला चोप उंचावला की एवढा मोठा समुदाय क्षणात गप्प होतो, आणि त्या शांततेत कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं ते सांगितलं जातं. आमच्या अध्यक्षांची हयात सरकारी खात्यात गेली. त्यांनी शिट्टी आणली. शिट्टी वाजली की आमच्याकडे सगळे एकदम बोलायला लागतात. हरवलं-सापडलं रात्री व्हॉट्सॲपवर होतं, आणि त्यात कायम बाटलीचं झाकण असतं. बाटली कधीच नसते.

चालण्याच्या क्लबात माणसांच्या दोनच जाती असतात, पुढचे आणि मागचे. पुढचे तीरासारखे सुटतात आणि पहिल्या टपरीवर जाऊन बसतात. चहा होतो, दुसरा चहा होतो, बूट काढून पाय मोकळे करून होतात. वीस-पंचवीस मिनिटांनी मागचे धापा टाकत क्षितिजावर दिसू लागले की पुढचे बूट घालायला घेतात, आणि मागच्यांचा पहिला माणूस बाकड्याला टेकतो न टेकतो तोच म्हणतात, ‘चला, बरीच विश्रांती झाली!’ अशा रीतीनं ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती दर तासाला मिळते, आणि ज्यांचा जीव जातो आहे ते आळंदी ते पंढरपूर न थांबता चालतात. यावर क्लबात ठराव झाला होता. तो पुढच्यांनी, मागचे पोहोचायच्या आत, एकमतानं फेटाळला.

दिवे घाटाबद्दल सांगायलाच हवं. हडपसर सोडलं, वडकी मागे पडली की समोर घाट उभा राहतो. वारीत पुणे ते सासवड हा मोठा टप्पा. बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी येते आणि वारकरी उपासाच्या पोटी अभंग म्हणत घाट चढतात. आम्ही हडपसरला मिसळ खाऊन निघालो होतो. पहिल्या वळणाला मिसळ हलली, दुसऱ्याला बोलायला लागली. तिसऱ्या वळणावर सगळ्यांना एकदम निसर्गाची ओढ लागली. खाली मस्तानी तलाव दिसतो, तो प्रत्येकानं कठड्याला रेलून इतक्या बारकाईनं पाहिला की जणू सातबारा तपासायचा होता. माउलींच्या रथाला या घाटात जादा बैलजोड्या लावतात. आमच्या अध्यक्षांना तशी सोय नव्हती. त्यांनी शिट्टी खिशात घातली, कारण फुंकायला लागणारी हवा दुसरीकडे खर्च होत होती.

घाटमाथ्यावर सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसलेल्या. पुरंदरचं सीताफळ बघून न थांबणारा माणूस मराठी नसावा. पण थांबावं कधी याला काही काळवेळ? सासवडला अजून बरीच वाट होती आणि क्लबातल्या एका वहिनींनी घासाघीस करून अख्खी पाटी घेतली. पुढचा तासभर त्या प्रत्येकाला अतिशय प्रेमानं ‘दोन-दोन धरा हो जरा’ असं म्हणत होत्या. सासवडला सोपानकाकांच्या समाधीपाशी पोहोचलो तेव्हा सगळ्यांच्या पाठपिशव्यांतून गर गळत होता. याच वहिनींनी पुढे लोणंदला, कांद्याची मोठी बाजारपेठ आहे म्हणून, गाडी थांबवून गोणी चढवली. परतीच्या प्रवासात गोणीला खिडकीची जागा मिळाली.

आणि आता गाडीचं. टप्प्यांनी चालण्यातली खरी गंमत कुठल्याही माहितीपत्रकात दिलेली नसते. आळंदी-पुणे टप्प्याला पीएमपीची बस पुरली. सासवडलाही बसनं गेलो. एका सदस्यानं रेल्वेचं वेळापत्रक काढून ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन शोधलं होतं. ते स्टेशन हडपसरच्या पुढेच, फुरसुंगीच्या अलीकडे आहे आणि तिथून सासवडला जायला पुन्हा अख्खा दिवे घाट चढावा लागतो हे त्याला वेळेत कळलं म्हणून बरं. पण जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही गावं खरोखरच पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत, तेव्हा काही रविवार रेल्वेनं बरे गेले. लोणंद सुटलं आणि सतरा सीटर ठरवावी लागली. इथून हिशेब उलटा फिरला. आपण जितकं चालून पुढे जातो तितकी पुढच्या रविवारची सुरुवात घरापासून लांब जाते. फलटण शंभर किलोमीटरच्या पुढे, माळशिरस दीडशेच्या घरात, आणि वेळापूरच्या आसपास अशी वेळ आली की चार तास चालण्यासाठी जाऊन-येऊन आठ तास बसायचं. निम्म्या मंडळींना डॉक्टरांनी पाठदुखीसाठी चालायला सांगितलं होतं. आता चालण्यामुळे पाठ दुखायला लागली. म्हणजे चालण्यामुळे नव्हे, चालायला जाण्यामुळे. पहाटे साडेतीनला उठून, पेंगत, सीटवर डोकं आपटत माळशिरसला उतरायचं आणि ‘काय शुद्ध हवा आहे!’ म्हणायचं. मध्ये दीडशे किलोमीटर डिझेल जळलेलं असतं.

एखादा टप्पा चुकला की त्याला आमच्यात बॅकलॉग म्हणतात, आणि बॅकलॉग असलेल्या माणसाची नजर वेगळी ओळखू येते. एका सदस्याचा जेजुरी-वाल्हे टप्पा भाच्याच्या मुंजीत गेला. त्याला झोप लागेना. शेवटी रजा काढून तो बायकोला घेऊन गेला. बेत असा की हा चालणार आणि ती मागून स्कूटर चालवणार, म्हणजे परतायची सोय. आता चित्र बघा. भर दुपारी नवरा घामाघूम होऊन खाली मान घालून पुढे चालतो आहे, आणि मागे दहा पावलांवर बायको, पाय टेकवत, स्कूटर रेटत. वाल्ह्याच्या अलीकडे दोन म्हाताऱ्यांनी त्याला अडवलं. ‘पावणं, झालं गेलं सोडून द्या. बसा गाडीवर. बाईमाणूस इतक्या लांब मागं आलंय.’ तो म्हणाला, ‘तसं काही नाही, मला चालायचंच आहे.’ त्यावर ते बायकोकडे वळले आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हीच घ्या जरा पडतं.’ वाल्ह्याचं नातं परंपरेनं वाल्मीकींशी जोडलं जातं. वाल्या कोळ्याच्या पापात वाटा घ्यायला घरचे तयार झाले नव्हते. इथे बाईंनी पुण्यातही वाटा नको म्हणून हात जोडले आणि स्कूटर वळवली. तो माणूस वाल्हे स्टेशनवरून रेल्वेनं घरी आला. पण टप्पा पुरा झाला.

आषाढात या वाटेनं चालणारा माउली असतो. लोक पाय धरतात, चहा पाजतात, पाय चेपून देतात. डिसेंबरात त्याच वाटेनं चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली आहे असा. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाचा लिंब जवळ आला होता, वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं ती जागा. मी मागच्यांतही मागे. एक मोटारसायकल थांबली.

‘कुठवर?’

‘तरडगाव.’

‘बसा की मग.’

‘नको, चालत जायचंय.’

‘नवस हाय का?’

‘नाही.’

‘डाक्टरनी सांगितलंय?’

‘तसं नाही. आम्ही पंढरपूरला चाललोय.’

त्यानं गाडी बंद केली. ‘आत्ता? वारी तर आखाडात आस्ती.’

‘आम्ही टप्प्यानं जातो. आज तरडगावला थांबायचं, घरी जायचं, आणि पुढच्या रविवारी तिथून पुढे.’

‘आन्‌ मधले सा दिवस?’

‘ऑफिसात असतो.’

‘तिथं काय करता?’

‘बसतो.’

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग गाडी चालू केली आणि म्हणाला, ‘बसायचं म्हणलं तर हितंबी हाय की जागा.’ तरडगावात पोहोचलो तेव्हा तो चौकात उभा होता आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे होते. त्यानं मला बोटानं दाखवलं.

बरडच्या म्हातारीनं मात्र आमचा निकालच लावला. आमच्याकडे सामान भारी. अध्यक्षांचे बूट परदेशातून आलेले, डॉक्टरांच्या हातात घडीच्या दोन काठ्या, कुणाच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, कुणाच्या पाठीवर नळीनं पाणी प्यायची पिशवी. म्हातारी ओट्यावर शेंगा निवडत होती. गळ्यात तुळशीची माळ, पायात अंगठा तुटलेली स्लीपर, सेफ्टी पिन लावलेली. लग्न होऊन आल्यापासून तिची वारी चुकलेली नाही. तिनं आधी डॉक्टरांच्या काठ्या निरखल्या.

‘माउली, दोनी पायांनी अधू झालात व्हय?’

डॉक्टर म्हणाले, ‘नाही आजी, गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून.’

‘आन्‌ ही नळी कसली? सलायन?’

तिनं आम्हाला बसवून घेतलं, शेंगा दिल्या, गूळ दिला. काकांच्या टाचेला फोड आला होता. दुकानातून आणलेली चिकटपट्टी बुटात गोळा होऊन बसली होती. म्हातारीनं सुई-दोरा मागवला, दोरा फोडातून ओवून तसाच ठेवला. पाणी निथळून गेलं, कातडी जागच्या जागी राहिली. काकांनी ‘किती झाले?’ म्हणून सवयीनं पाकीट काढलं तेव्हा मात्र ती चिडली. मग निघताना तीच आमच्या सगळ्यांच्या पाया पडली, आणि परदेशी बुटांना हात लावून तिनं कपाळाला लावला. अध्यक्षांना कुठे बघावं कळेना. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही.

पुढचे टप्पे भराभर गेले असं म्हणायला हरकत नाही, निदान चालण्याचा भाग तरी. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला म्हणून फोटो झाले. नवा महामार्ग गावांना वळसा घालतो आणि पालखी गावात जाते. तेव्हा बायपासनं जावं की गावातून यावर दर गावाला वाद झाला, आणि चहा गावातच मिळतो या तात्त्विक कारणासाठी परंपरा जिंकली. वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी आख्यायिका. वारकरी आजही त्या उतारावरून धावतात. आमच्यातले दोघे धावले. खाली ड्रायव्हरनं भजी मागवून ठेवली होती.

वाखरी ते पंढरपूर हा शेवटचा तुकडा पाच-सहा किलोमीटरचा. आदल्या टप्प्यातच तो उरकता आला असता, पण मागच्यांचे पाय उचलेनात आणि काकांनी वाखरीच्या खांबाला हात लावून टाकला होता. म्हणजे एवढ्याशा चालीसाठी पुन्हा सतरा सीटर, पुन्हा पहाटे साडेतीन, पुन्हा चारशेवर किलोमीटरची फेरी. पंढरपुरात पोहोचलो, नामदेव पायरीवर डोकं टेकलं. पददर्शनाची रांग कित्येक तासांची होती. आळंदीपासून चालत आलेल्या आमच्या गुडघ्यांनी उभं राहायला साफ नकार दिला, म्हणून मुखदर्शन घेतलं आणि जेवायला गेलो.

परतताना गाडीत पुढच्या वर्षाचं निघालं. देहूहून तुकोबांच्या पालखीची वाट करायची: लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज. सगळ्यांना पसंत. तेवढ्यात काका म्हणाले, ‘पण ती वाटही शेवटी वाखरीवरूनच जाते. वाखरी ते पंढरपूर आपलं झालेलंच आहे. ते पुन्हा चालायचं का?’ गाडीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, झालेलं अंतर दोन्ही खात्यांवर दाखवता येणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, मग वाखरीहून पंढरपूरला गाडीत बसून जाणार का, विठ्ठल काय म्हणेल? टेंभुर्णी आली तरी निकाल लागेना. शिट्टी वाजली, आवाज वाढला.

इतका वेळ गप्प असलेल्या ड्रायव्हरदादांनी आरशातून मागे बघितलं. ‘मी काय म्हणतो, तुम्ही पंढरपुरापास्नं उलटं चालत या. म्हंजी दर खेपेला पुणं जवळ यील. माझं पण डिझेल वाचंल.’

गाडीत समाजआरतीची शांतता पसरली. इतक्या शिकलेल्या माणसांपैकी हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काकांनी डायरी काढली. डॉक्टर म्हणाले, याला शास्त्राधार आहे. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालखी चालतच आळंदीला परत जाते, फक्त तेव्हा फारसं कुणी बरोबर नसतं. ‘म्हणजे गर्दीही नाही!’ काकू म्हणाल्या. ठराव मंजूर झाला, या वेळी मागच्यांच्या उपस्थितीत. पहिला टप्पा पंढरपूर ते वाखरी, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. त्या दिवशी तिघांकडे लग्न आहे आणि वहिनी माहेरी जाणार आहेत, तेव्हा सगळ्यांचे बॅकलॉग पहिल्याच टप्प्यापासून सुरू होतील.